चौदा सीड्या आणि पुण्याची ओळ

“नाही रे बाबा, मॉनिटरवर सगळं दिसून राहिलं आहे. टीव्हीवर नाही येऊन राहिलं. खाली पानवाल्याच्या टीव्हीवर अमावस आहे, अमावस!”

“अमावस म्हणजे काय, मामी?”

“काळं रे! ठार काळं! आवाज येतो, चित्र नाही. टीव्हीचा रेडिओ करून ठेवला तू. तुमच्या पुण्यात काळ्याला काय बोलतात, गोरं?”

फोनच्या त्या टोकाला मंदार, नणंदेचा मुलगा, पुण्याच्या ऑफिसात दबक्या आवाजात बोलत होता. या टोकाला उज्जैनच्या फ्रीगंजात, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत माणिकबाई पोतनीस. रिसीव्हर कान आणि खांद्यात दाबलेला, पदर कमरेला खोचलेला, आणि मोकळे दोन्ही हात मशीनच्या मागे वायरी चाचपत. दिवस श्रावणातल्या सोमवारचा. दुपार कलली की महाकालाच्या पालखीची सवारी निघायची, आणि ज्यांचे गुडघे गेलेत, ज्यांना दुकान सोडवत नाही, अशी अर्धी वस्ती ती सवारी याच खोलीतून निघणाऱ्या चॅनलवर बघायची.

“रात्री मशीन बंद केलं होतं का?” मंदारनं विचारलं.

“रोज करते. रात्रभर कशाला चालवू? कोण बघतं, उंदीर?”

“मग तिथंच झालं. काल नवीन गाभा, म्हणजे कर्नल, चढवला होता, पण चालत होता जुनाच. सकाळी तुम्ही चालू केलंत तेव्हा नवा उठला. आणि टीव्हीच्या कार्डाचा ड्रायव्हर जुन्याच्या मापानं शिवलेला. तो नव्याच्या अंगाला बसत नाहीये.”

“मग काल तूच बंद करून चालू करून का नाही पाहिलं?”

मंदार हळूच म्हणाला, “बस सुटत होती ना, मामी.”

माणिकबाईनं रिसीव्हर दुसऱ्या खांद्यावर घेतला. शिवी ओठावर आली होती, पण नणंदेचा मुलगा.

माणिक मूळची देवासकडच्या खेड्यातली. दोन म्हशी, चार बिघे जमीन आणि सात भावंडं, अशा घरातून दहावीपर्यंत शिकून ती पोतनिसांकडे आली. पोतनिसांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारी खजिना सांभाळायचे म्हणे. विनायक पोतनीस कापडाच्या मिलमध्ये साचे सांभाळायचा. मग देशाची दारं उघडली, बाहेरचा माल आत आला, आणि मिलची चिमणी एक दिवस थंड झाली ती झालीच. त्याच सुमाराला गच्च्यागच्च्यांवरून केबलच्या काळ्या वायरी धावायला लागल्या होत्या. विनायक त्या वायरी ओढायला लागला. दोन पावसाळे ओढल्या, तिसऱ्यात शेवाळावरून घसरला आणि खुबा मोडून घेतला. केबलचा मालक अनिल भैया माणूस हिशेबी, पण दगड नव्हे. त्यानं विनायकाच्या जागी त्याच्या बायकोला या खोलीत बसवलं. काम एवढंच, की व्हीसीआरमधली कॅसेट संपली की दुसरी घालायची.

कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या. सीड्यांमागून कॉम्प्युटर आला आणि सगळं त्याच्या पोटात गेलं. सकाळची भजनं, गावच्या बातम्या, साडीवाल्यांच्या जाहिराती, आणि खालून सरकणारी पट्टी, जिच्यावर कुणाचा उठावना, म्हणजे तिसऱ्या दिवसाची शोकसभा, कुठल्या धर्मशाळेत आहे ते लोक डोळे बारीक करून वाचायचे. मशीनमधलं विंडोज चोरीचं होतं. जो तो आपल्या जाहिरातीची सीडी घालून जायचा आणि सीडीबरोबर रोग लावून जायचा. सिंहस्थात, ऐन शाही स्नानाच्या सकाळी, मशीन चिखलात बसलेल्या म्हशीसारखं बसलं. शेपूट पिरगाळा, हाका मारा, उठायचं नाव नाही. राम घाटावर साधूंचे आखाडे पाण्यात उतरत होते आणि लोकांच्या टीव्हीवर निळा पडदा. त्या दिवशी माणिकबाईनं जे ऐकून घेतलं ते तिच्या पोटात राहिलं.

विंडोजच्या जागी बसणारं लिनक्स तिला मिळालं ते शरच्चंद्र दिघ्यांकडून. दिघे इंदूरच्या कॉलेजात शिकवायचे आणि शनिवार-रविवार उज्जैनला घरी यायचे. त्यांनी चौदा सीड्यांचा गठ्ठा आणून दिला आणि सांगितलं की याला व्हायरस सहसा लागत नाही आणि याचा एक पैसाही पडत नाही. अनिल भैयाला ते ऐकूनच शंका आली. “फोकट में तो सिर्फ प्रसाद मिलता है,” तो म्हणाला. पण सिंहस्थ त्यालाही लागलेला होता, म्हणून त्यानं हरकत घेतली नाही.

या लिनक्सची रीत माणिकबाईला पटली. मशीनला लागणारी प्रत्येक चीज बांधलेल्या पुडक्यात मिळते. पुडकी कुठून आणायची ते एका छोट्या फायलीत लिहायचं. एक ठिकाण, एक ओळ. मशीन तेवढ्याच दारांवर जातं, दुसऱ्या कुणाच्या ओसरीवर चढत नाही. माणिकबाईच्या फायलीत चौदा सीड्यांच्या ओळी होत्या, आणि त्याच घरच्या दुरुस्त्यांची आणखी एक. दुरुस्त्या ती महिन्याकाठी इंटरनेटच्या दुकानातून सीडीवर उतरवून आणायची. बस. बाहेरचं काही नाही. मिल बंद पडल्यावर काही दिवस ती भैरवगढला छपाईवाल्यांकडे साड्यांच्या कडा शिवायला जायची. तिथं तिनं पाहिलं होतं, की एका साडीचे सगळे ठप्पे एकाच हातानं कोरलेले लागतात. रेघेचा ठप्पा एकाचा आणि रंग भरायचा दुसऱ्याचा घेतला, तर पहिल्या हातभर कापडात कळत नाही. साडी पुरी होईतो फूल एकीकडे आणि त्याचा रंग दुसरीकडे.

दुसरा नियम तिनं स्वतः घातला होता. दुरुस्ती मंगळवारीच लावायची. सवारी सोमवारी, म्हणजे काही बिघडलं तर निस्तरायला आठवडा हातात. रविवारी मशीनला फडकंसुद्धा लावायचं नाही.

आणि हे दोन्ही नियम तिनं काल, रविवारी, आपल्या हातानं मोडले होते. कारण मंदार पुण्याचा.

हे बाहेरच्याला समजायचं नाही. माळव्यातल्या मराठी घरांत पुण्याहून आलेल्या माणसाला पाट वेगळा मिळतो. दोनशे वर्षं इथं राहून, इथली दालबाफले खाऊन, इथल्या मसणात जळूनसुद्धा पुण्याची चिठ्ठी आली की घर उभं राहतं. पुण्याहून आलेलं लोणचं चांगलं, पुण्याहून आलेली मुलगी चांगली, पुण्याहून आलेला सल्ला तर विचारूच नका. मंदार दोन दिवस राहिला. जेवताना मामीला म्हणाला, “मामी, ‘करून राहिले’ नाही, ‘करतेय’ म्हणायचं.” माणिकबाईनं त्याच्या पानात तूप वाढलं आणि विचारलं, “घेऊन राहिला का आणखी?” तो हसला. शिंद्यांच्या फौजेबरोबर आलेली बोली आहे ती, ती कुणाच्या पानात बसून सुधारत नाही. पण खोलीवर आल्यावर सरकणारी पट्टी अडखळताना पाहून तो म्हणाला, “मामी, किती जुनं वापरताय! माझ्या या बाहेरून लावायच्या डिस्कवर सगळं ताजं आहे, आमच्या पुण्याच्या ग्रुपचं. पट्टी लोण्यासारखी सरकेल.” तेव्हा मात्र तिला नाही म्हणवलं नाही. फायलीत पुण्याची एक ओळ गेली. पुडक्यामागून पुडकी सुटली. पट्टी खरंच लोण्यासारखी सरकली, आणि मंदार डिस्क भेट म्हणून ठेवून बसला बसमध्ये.

“मामी, आहात का?” फोनमध्ये मंदार. “डिस्कवर त्याच कार्डाचा नवा ड्रायव्हर असणार. तेवढा एक चढवून बघा.”

तिनं चढवला. त्यानं येताना आणखी चार पुडकी ओढून आणली. मशीन बंद केलं, चालू केलं. खालून पानवाल्यानं आरोळी दिली, “अम्मा, अब तो आवाज भी गई!”

“आवाज पण गेला,” तिनं फोनमध्ये सांगितलं.

“थांबा, मग आवाजाचं एक—”

“थांब तू. मला एक सांग. जे चढलं ते उतरवता येतं का? मागं नेता येतं का मशीनला, जसं शनिवारी होतं?”

मंदारनं खरं तेच सांगितलं. “नाही, मामी. चढायची वाट आहे, उतरायची नाही. एकेक काढत बसलात तर आणखी गुंता होईल. पुसून पहिल्यापासून बसवायचं. पण त्याला वेळ लागेल, आणि सवारीच्या आत होईलच असं मी सांगू शकत नाही.”

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या आणि अनिल भैया आत आला. पानवाल्याकडून त्याला सगळं कळलेलं होतं.

“भाभी, ये क्या सुन रहा हूँ?”

“जे ऐकलं ते खरं आहे भैया. काल मी बाहेरचं लावू दिलं. गलती माझी आहे.”

अनिल भैया मराठी समजायचा, उत्तर हिंदीत द्यायचा. तो स्टुलावर बसला आणि रुमालानं मान पुसली. “देखो, इंदौर वाला आज आ रहा है. महीने भर से पीछे पड़ा है, बोलता है चैनल हमारी लाइन पे दे दो, सब इंदौर से चलेगा. मैं टाल रहा था. आज सवारी नहीं चली, तो साइन कर दूँगा. फिर न ये मशीन, न ये कमरा. समझ रही हो न?”

समजायला काय होतं त्यात. खोली गेली की माणिकबाई घरी. विनायकाचा खुबा आणि माणिकबाईची खोली, यांतलं एकच घर चालवत होतं.

“सवारी चालेल,” ती म्हणाली.

“कैसे?”

“ते माझ्यावर सोडा. तुम्ही त्या इंदूरवाल्याला पोहे खिलवा, जलेबी खिलवा. जितका उशिरा वर येईल तितकं बरं.”

तो गेला. फोन अजून टेबलावर उताणा होता. तिनं उचलला. “मंदार, ठेवते आता. तुझ्या पुण्याला आजच्यापुरता नमस्कार.”

पहिलं काम तिनं केलं ते मशीन उघडायचं. आत दोन डिस्का होत्या. एकीवर लिनक्स, दुसरीवर भजनं, जाहिराती, जुन्या सवाऱ्या. दुसरीच्या वायरी तिनं उपटून बाजूला केल्या, म्हणजे घाईत बोट चुकलं तरी तिला धक्का नाही. मग घरी फोन लावला. “अहो, रिक्षा करा आणि या. डबा आणा. आणि अंगात धुतलेलं बनियन घालून या.”

विनायक काठी टेकत जिना चढला तो कुरकुरतच. “बनियनचं काय काम?”

“सीड्या पुसायला. तुमच्या बनियनइतकं विरलेलं कापड घरात दुसरं नाही.”

“चाळीस वर्षांचा संसार आणि त्यात माझी किंमत पुसणं.”

“पस्तीस. बसा इथं. मी नंबर बोलेन ती सीडी द्यायची.”

पहिली सीडी आत गेली. मशीननं विचारलं, डिस्क पुसू का. माणिकबाईनं एकदा त्या सुट्या डिस्ककडे बघून घेतलं आणि हो म्हटलं. पुण्याचं लोणी, मंदारचा गाभा, शनिवारचं जे काय उरलं होतं ते, सगळं गेलं. मग गिरण चालल्यासारखा सीडीचा ड्राइव्ह घरघरत राहिला. विनायक पोळीत भाजी गुंडाळून तिच्या हातात देत होता आणि ती पडद्यावरून नजर न काढता खात होती.

“ती दुरुस्तीची सीडी पण लावून टाक ना,” तो म्हणाला. “हातासरशी होऊन जाईल.”

“आज नाही. मंगळवारी.”

“आणि तुझी ती पट्टी?”

“पट्टी बसवायला अख्खा दिवस लागतो. आज फक्त चित्र आणि आवाज.”

मशीननं मधेच विचारलं, आणखी कुठून पुडकी आणायची आहेत का. माणिकबाईनं नाही दाबलं. मंदारची डिस्क टेबलाच्या कडेला काळीभोर चकाकत होती. तिच्यावर विनायकानं डब्याचं झाकण ठेवलं.

लिनक्स उठलं. आवाज आला. खालून पानवाला ओरडला, “आवाज आई!” आता उरला टीव्हीच्या कार्डाचा ड्रायव्हर. तो कार्डाबरोबरच्या सीडीवर होता, पण नुसता ठेवून चालत नाही, गाभ्याच्या मापानं शिवून घ्यावा लागतो. माणिकबाईनं शिवायला घातला आणि मशीननं लाल ओळींचा ढीग ओकला. मापं नाहीत. गाभ्याची मापं ज्या पुडक्यात असतात ते पुडकंच बसवलेलं नव्हतं.

मापं होती, हे तिला ठाऊक होतं. चौदांतल्या कुठल्यातरी सीडीवर होती. पण मशीनला तिनं घाईत पहिल्या दोनच सीड्या दाखवल्या होत्या. डिस्कवरचं झाकण उचललं, पुण्याची ओळ लिहिली, तर नवा गाभा आणि त्याची मापं दोन्ही लगेच मिळाली असती. विनायकसुद्धा झाकणाकडे बघत होता.

“नाही,” ती म्हणाली. “सगळ्या दाखवू. तीन नंबर द्या.”

तीन, चार, पाच. एकेक सीडी आत जायची, मशीन ती वाचायचं, फायलीत तिची ओळ लिहायचं आणि पुढची मागायचं. नववी आली तेव्हा ड्राइव्ह खरखरला आणि थांबला. सीडी बाहेर काढली तर वापराविना पडून तिच्यावर बुरशीसारखा डाग धरलेला. विनायकानं सदरा वर केला, बनियनचं टोक ओढलं आणि आतून बाहेर, आतून बाहेर, जशी ती दाखवायची तसं पुसलं. परत घातली. खरखर. परत काढली, परत पुसली, वर तोंडाची वाफ मारली.

“थुंकू का?” त्यानं विचारलं.

“थुंकून पहा, मग मी तुमच्याकडे बघते.”

तिसऱ्यांदा ती सीडी वाचली गेली. मापं तिच्यावरच होती.

ड्रायव्हर शिवायला घालून माणिकबाई खिडकीशी आली. खाली पानवाल्याच्या टपरीपुढे माणसं जमायला लागली होती. तो काळा टीव्ही आणि त्याच्याकडे बघत उभी असलेली माणसं, जसं काही थोडा वेळ बघितलं की काळ्यातूनच काहीतरी निघेल. जिन्यात परत पावलं वाजली. दत्तात्रय आला. सवारीचं चित्रण करणारा तो एकटाच. मंदिराच्या दारात पालखी निघाल्याची, पोलिसांच्या सलामीची आणि गुदरी चौकातल्या गर्दीची कॅसेट त्यानं खिशातून काढली. खोलीत एक जुना कॅमेरा होता, तो फक्त कॅसेट वाचायला ठेवलेला. त्याची टीव्हीला जोडायची खाच तुटलेली, कॉम्प्युटरची तेवढी शाबूत. त्यामुळे जे काय दाखवायचं ते मशीनच्या पोटातूनच जायचं.

“ताई, तयार आहे ना? मला राम घाटाला पळायचं आहे. गर्दी एवढी आहे की स्कूटर मालकाच्या भरवशावर टाकून आलो.”

“कुठल्या मालकाच्या?”

“महाकालाच्या. दुसरा कोण आहे आज रस्त्यावर?”

दत्ता गेला. तिनं कॅसेट कॅमेऱ्यात घातली, मशीनकडे ओढायला लावली. ड्रायव्हर शिवून झाला होता. लाल ओळ एकही नव्हती. मग तिनं ते केलं जे काल कुणी केलं नव्हतं. सगळं चालतंय असं दिसत असताना मशीन बंद केलं आणि परत चालू केलं.

“अगं ए!” विनायक बसल्या जागेवरून घसरता घसरता राहिला. “चालू होतं ना!”

“काल पण चालूच होतं.”

मशीन सावकाश उठायला लागलं. त्याच वेळी दारात अनिल भैया आणि त्याच्यामागे इंदूरचा माणूस उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन मोबाइल, तोंडाला जलेबीचा चिकटपणा. त्यानं उघडं मशीन पाहिलं, बाहेर लोंबणाऱ्या वायरी पाहिल्या, सदरा वर करून बसलेला विनायक पाहिला.

“माताजी,” तो गोड बोलला, “ये सब सिरदर्द अब इंदौर का. आप आराम करना.”

“आराम तो घर पे है भैया. यहाँ काम है,” माणिकबाई म्हणाली आणि कॅसेट नव्यानं ओढायला लावली. थोडं आत आलं की ते चॅनलवर सोडलं.

आधी ढोलांचा आवाज आला, मग नुसताच आवाज राहिला, आणि मग खालून एकदम दहा-बारा घशांतून निघालं, “आ गई! आ गई सवारी!” पानवाला जिन्यात येऊन ओरडून गेला. त्याच्या टीव्हीवर पालखी गुदरीच्या वळणावर डुलत होती. चित्र जरा फिकं होतं, एका बाजूला हिरवट. पण पालखी ती पालखीच.

अनिल भैया खिडकीतून खाली वाकून बघून आला. “पट्टी कहाँ है? साड़ी वाले की पट्टी?”

“आज पट्टी नाही होऊ शकत.”

“भाभी, पैसे लिए हैं उससे.”

“पट्टी चाहिए कि महाकाल? दोनों आज नहीं होंगे. त्याची पट्टी मी पुढच्या सोमवारी दुप्पट चालवीन.”

इंदूरच्या माणसानं कागद अर्धा बाहेर काढलेला होता. तो म्हणाला, आमच्या लाइनवर पट्टी काय, चित्राला हिरवा डागही आला नसता. अनिल भैयानं विचारलं, “और हमारी सवारी? वो आपके इंदौर से कौन दिखाएगा?” त्यावर तो म्हणाला, त्याची वेगळी सोय करता येईल, वर बोलून बघावं लागेल.

“तो बोल के देख लो,” अनिल भैया म्हणाला. “अभी घर की मशीन चल रही है. अभी नहीं चाहिए लाइन.”

‘अभी’ हा शब्द माणिकबाईनं ऐकला. आज तेवढा पुरे होता. माणूस कागद आत घालून गेला, अनिल भैया त्याला सोडायला खाली गेला, आणि फोन वाजला.

“मामी, काय झालं?” मंदार. सकाळपासून त्याचंही लक्ष कामात नसावं.

“चालून राहिली आहे सवारी. थोडी हिरवी आहे.”

“हिरवी? मग ड्रायव्हरमध्ये एक आकडा—”

“मंगळवारी सांग. कागद घेऊन बसते.”

“मी पुण्याहून नवा शिवून पाठवू का?”

“पाठव. पण माझ्या सीड्यांतल्या गाभ्याच्या मापाचा. तुझ्या मापाचा नाही. आणि पाठवायच्या आधी तिथं एकदा बंद करून चालू करून पहा.”

तो हसला. “हो. करतो. तुमची पट्टी पण बघतो, तुमच्याच संचातल्या सामानात कशी सुधारते ते.”

“ते केलंस तर पुढच्या वेळी दालबाफल्यावर जास्तीचं तूप. चल, ठेवते. दत्ता येऊन राहिला आहे.”

दत्ता घामानं निथळत आत आला. राम घाटाची कॅसेट, क्षिप्रेच्या पाण्यानं पूजा, आरती, सगळं आहे म्हणाला, आणि आता सवारी गोपाळ मंदिराकडे निघेल म्हणून लगेच पळाला. माणिकबाईनं पदर परत खोचला, आधीची कॅसेट काढून विनायकाच्या हातात दिली, नवी आत ढकलली, आणि गुदरीचं किती उरलंय ते बघायला पडद्याकडे वळली.